सर, यवन मतलब अपन लोग ना?

सतरा नंबरच्या लेण्यात आम्ही उभे होतो. नाशिकच्या पांडवलेणीत, म्हणजे जुन्या नावाने त्रिरश्मी डोंगरावर. बाहेर ऊन, आत गारवा आणि माझ्यासोबत आठवी-नववीची अठ्ठावीस मुलं-मुली. हातात एक झेरॉक्स होती. वर भिंतीवरच्या ब्राह्मी लेखाचं नागरी अक्षरांतलं वाचन, खाली मराठी अर्थ. मी अर्थ वाचून दाखवला. उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा योनक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, याने हे लेणं कोरवलं. आत चैत्यगृह केलं, पाण्याच्या पोढ्या केल्या. आईवडिलांच्या नावाने केलं आणि या कामात त्याचा मुलगा धम्मरक्षित सोबत होता. "योनक म्हणजे यवन," मी ओघात म्हणालो.

मागून आवाज आला, "सर, यवन मतलब अपन लोग ना?"

दोघं-तिघं हसले. मग कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

विचारणारा नववीतला. बाप मार्केटमध्ये टेम्पो चालवतो. त्याने हा शब्द कुठे ऐकला असेल हे मला विचारावं लागलं नाही. पोवाड्यात ऐकला असेल, भाषणात ऐकला असेल, एखाद्या कादंबरीत वाचला असेल. तिथे यवन म्हणजे दाढीवाला, तलवारवाला, देवळं फोडणारा, आणि शेवटच्या पानावर मरणारा. पोराने आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द दगडावर कोरलेला पाहिला आणि तो दान देणाऱ्याच्या नावापुढे होता. त्याला कळेना की आता खूश व्हायचं की गप्प बसायचं.

मी म्हणालो, "यूनानी दवाखाना माहीत आहे ना? दादांना जुनं खोकल्याचं औषध कुठून आणता?" तो म्हणाला, "हकीमसाहब के पास से." म्हटलं, "तोच शब्द आहे. योन, यवन, यूनान. ग्रीक लोक. आयोनिया नावाचा त्यांचा एक मुलूख होता, त्यावरून इराणी लोक त्यांना यौन म्हणायला लागले, आपल्याकडे त्याचं यवन झालं, अरबीत-उर्दूत यूनान. हा माणूस इस्लामच्या पाचेकशे वर्षं आधीचा आहे. तो आपण नाही."

उत्तर बरोबर होतं. तरी मला ते पुरेसं वाटलं नाही, आणि त्या दिवसापासून मी त्यावर विचार करतो आहे. हा लेख त्यातूनच आला आहे. पण आधी आम्ही लेण्यात कसे पोचलो ते सांगतो.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. लेखनकौशल्यात मुलांना आत्मवृत्त लिहायचं असतं. फाटक्या पुस्तकाचं, नदीचं, जुन्या झाडाचं. उर्दूत त्यालाच आपबीती म्हणतात. दरवर्षी तेच झाड, तीच नदी, शेवटी पर्यावरणाचा संदेश. कंटाळून मी गेल्या वर्षी विषय बदलला. सहावीच्या इतिहासात रोमशी चालणाऱ्या व्यापाराचा उल्लेख मुलांनी वाचलेला असतो. म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लोकांत तुम्ही आहात असं समजा आणि एका दिवसाची गोष्ट लिहा.

वह्या आल्या. अकरा वह्यांत नायकाचं नाव मार्कस. अकराही मार्कस ग्लॅडिएटर, अकराही शूर, अकराही शेवटी स्वातंत्र्यासाठी सिंहाशी लढतात. मोबाइलला विचारून लिहिलेलं होतं हे उघड आहे. पण मी मोबाइलला दोष देत नाही. मार्कस नसता तर दुसरा कुणी आला असता, कारण ऐतिहासिक गोष्ट म्हणजे काय याचा साचा मुलांच्या डोक्यात आधीच बसलेला होता. तो साचा कुठून आला हे मला माझ्याच घरातल्या कपाटात दिसतं. मराठीच्या फळीवर हरिभाऊ आपटे, नाथमाधव, रणजित देसाई. उर्दूच्या फळीवर अब्दुल हलीम शरर आणि नसीम हिजाज़ी. हिजाज़ींची 'क़ैसर-ओ-किसरा' तर रोमन आणि इराणी साम्राज्यांच्याच झगड्यावर आहे. माझ्या अब्बांनी ती इतक्यांदा वाचली की बांधणी सुटली. दोन्ही फळ्यांवरची पुस्तकं मी मनापासून वाचली, रडलो, रात्री जागलो. पण दोन्हीकडे मुखपृष्ठावर घोडा आहे. दोन्हीकडे नायक आपला आणि शत्रू दुसऱ्याचा. एका फळीवरचा नायक दुसऱ्या फळीवर खलनायक होतो, एवढाच काय तो फरक. दोन्ही फळ्यांच्या मध्ये जो मुलगा वाढतो, मराठी मुसलमान मुलगा, त्याला कोणत्याही गोष्टीत शिरताना आधी स्वतःची बाजू सांगावी लागते. माझ्या मते इतिहासाच्या गोष्टीचा सगळ्यात मोठा तोटा हाच. ती माणसाला आधी बाजू विचारते, नाव-गाव नंतर.

म्हणून मी वह्या परत दिल्या आणि म्हटलं, रोमला जायचं नाही. रोम इथे आलं होतं. इथूनच लिहा.

हे मुलांना पटवायला वेळ लागला. पण पिंपळगावात एक सोय आहे. इथलं पोरगं पाचवीत असतानाच कंटेनर, रीफर, रॉटरडॅम हे शब्द शिकतं. जानेवारी ते एप्रिल द्राक्षं युरोपात जातात, वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया पॅकहाउसला असतात. २०२३ च्या शेवटाला लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, तेव्हा भाडं वाढलं, दिवस वाढले, ते इथल्या घराघरांत कळलं. तर मी फळ्यावर तोच लाल समुद्र काढला. इजिप्तच्या किनाऱ्यावर बेरेनिके नावाचं बंदर. रोमन राज्यातली जहाजं उन्हाळ्यात, जुलैच्या सुमाराला, इजिप्त सोडत, लाल समुद्रातून बाहेर पडत आणि आपल्या नैऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन भडोच, मलबार गाठत. परतीला वारा उलटा फिरेपर्यंत थांबत. त्या बेरेनिकेत खोदकामात आपल्याकडची काळी मिरी सापडली आहे, सागवान सापडलं आहे.

इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या माणसाने या व्यापाराची माहितीवही लिहून ठेवली. पेरिप्लस म्हणतात तिला. तो आपल्या भागाबद्दल लिहितो तेव्हा मला कुणा आडत्याशी बोलल्यासारखं वाटतं. पैठण भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून रंगीत दगड येतात, तेरहून साधं कापड आणि मलमल, गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून. भडोचला काय खपतं? इटलीची दारू आधी. तांबं, कथील, शिसं. आणि रोमन सोन्याचांदीची नाणी, जी इथल्या नाण्यांत बदलली तर फायदा सुटतो. कल्याण बंदराबद्दल तर तो सांगतो की तिथे व्यापाराला अडथळा आहे. चुकून एखादं ग्रीक जहाज तिकडे आलं तर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात. हे ऐकल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे नाकाबंदी." म्हटलं, हो, आणि त्या जहाजावरचा खलाशी त्या रात्री काय विचार करत असेल ते लिही. त्याने लिहिलं. मार्कसपेक्षा चांगलं लिहिलं.

(इटलीची दारू इकडे येत होती आणि आज आपल्या निफाड तालुक्यात, विंचूरला, वाइन पार्क आहे. हिशेब उलटा फिरला. यावर गोष्ट लिहायला मात्र एकही मुलगा तयार झाला नाही. मीही आग्रह केला नाही.)

मग चुका सुरू झाल्या, आणि या उपक्रमातला खरा मजा तोच होता. एका मुलीच्या गोष्टीत पैठणला आलेल्या यवन व्यापाऱ्याला बाईने टोमॅटोची चटणी वाढली. पिंपळगावची पोर, टोमॅटो नाही तर काय वाढणार? मी टोमॅटोवर गोल केला. लिहिलं: नव्हता. ती चिडली. म्हणाली, मग मिरचीचा ठेचा घालते. मिरचीवर गोल. बटाटा, मका, शेंगदाणे, पेरू, सगळ्यांवर गोल. कोलंबसानंतर, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं ते. वर्गात शांतता पसरली. मग एकाने फार दुःखाने विचारलं, "सर, मग लोक भाकरी कशाबरोबर खायचे?" दोन दिवस या प्रश्नावर वर्ग चालला. कांदा होता. लसूण होता. तीळ होते. तिखटाला मिरी होती, आणि त्याच मिरीसाठी तर रोमन जहाजं येत होती. हे वाक्य मी याआधी दहा वर्षं शिकवलं होतं. ठेचा गेल्यावर ते पहिल्यांदा कळलं मुलांना.

दुसऱ्या एकाने व्यापाऱ्याकडून घरी चिठ्ठी लिहून घेतली. कागदावर गोल. कागद नव्हता. कागद हा शब्दसुद्धा फारसीतून आला, आणि दौलताबाद-खुलताबादकडचं कागजीपुरा आजही हाताने कागद करतं. एकाचा रोमन खलाशी उतरल्या उतरल्या "अस्सलाम अलैकुम" म्हणाला. त्यावर मी गोल केला नाही, पोरांनीच केला.

इथे एका सहकारी शिक्षकांशी माझा वाद झाला. माणूस चांगला आहे, मुलांसाठी झटतो. त्यांनी एका वहीत बाजार, दुकान, हिशेब, मजूर या शब्दांखाली रेघा मारल्या होत्या. सातवाहन काळात हे शब्द कसे येतील, त्याऐवजी हाट, आपण, गणना, श्रमिक असं हवं, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, त्या काळात गणना आणि श्रमिक असं तरी गोवर्धनचा विणकर बोलत होता का? तो प्राकृत बोलत असणार. आपण जे लिहितो तो सगळा तर्जुमाच आहे, तर मग मुलाच्या घरच्या बोलीत का नको? टोमॅटो खोटा ठरतो, कारण तो ताटात दिसतो. हिशेब हा शब्द खोटा ठरत नाही, कारण हिशेब तेव्हाही होत होता. त्यांना हे पटलं नाही. मलाही वाद पुरता जिंकल्यासारखं वाटलं नाही, कारण शब्दाला वास असतो हे खरं आहे. पण वास फक्त फारसीलाच येतो आणि संस्कृताला येत नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही.

हिशेबाचंच सांगतो. दहा नंबरच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने संघासाठी तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कुठे? राजाच्या खजिन्यात नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या संघटनेत, कोलिकनिकायात. एका संघटनेत दोन हजार, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीत एक हजार, महिना शेकडा पाऊण. मूळ रक्कम काढायची नाही, व्याज तेवढं वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी. मी फळ्यावर गणित मांडलं. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. भागिले वीस भिक्षू. बारा. बरोबर बारा! मागच्या बाकावरच्या ज्या मुलाने वर्षभर तोंड उघडलं नव्हतं तो म्हणाला, "हिसाब सही है, सर." जणू त्या उषवदाताची वही तपासायला त्यालाच बसवलं होतं.

एका मुलीने लगेच हात वर केला. "सर, व्याज तो हराम है ना?" तिची अम्मी बचत गटात आहे, घरात यावरून आधीच बोलणं झालेलं असणार. मी सांगितलं की ती माणसं तुझ्या शरीअतच्या आधीची आहेत, तुझ्या गोष्टीतल्या बाईला तू आजचा फतवा लावू शकत नाहीस. पण व्याजाचा जाच काय असतो ते तुला माहीत असेल तर तिलाही माहीत असू दे. या मुलीची गोष्ट सगळ्यांत चांगली झाली. तिची नायिका गोवर्धनच्या विणकराची मुलगी. पाऊस पडला नाही, कापूस महागला, पण लेण्यात द्यायचे दोनशे चाळीस चुकत नाहीत, कारण ते दगडावर कोरलेत. बापाला वाचता येत नाही, तरी तो डोंगर चढून जातो आणि त्या अक्षरांवरून हात फिरवतो. रोमला जाणारं कापड तिने विणलेलं असतं. रोमन माणूस ती कधीही पाहत नाही. मी रोमन जीवनावरच लिहायला सांगितलं होतं, आणि रोमन लोकांच्या अंगावर काय होतं ते या पोरीएवढं कुणी जवळून लिहिलं नाही.

मला ठाऊक आहे, आमच्यातला एखादा वाचक इथे लगेच म्हणेल, बघा, मोमीन-अन्सारी तेव्हाही होतेच. असं काही मी म्हणत नाही. मालेगावच्या कितीतरी विणकर घराण्यांची कहाणी १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या माणसांपासून सुरू होते. माझ्या वर्गातली मुलं कोलिकनिकायाचे वारस आहेत की नाहीत हे कुणी सांगू शकत नाही, आणि सांगायची गरजही नाही. पिंजारी, तांबोळी, अत्तार, बागवान, तेली या घरांतली मुलं हाताच्या कामाला ओळखतात, एवढं पुरे. याच डोंगरावर आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक बाईने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवली, ती ज्या संघटनांत ठेवली त्यांत कुंभार आहेत, पाण्याची यंत्रं करणारे आहेत आणि तीळ गाळणारे तेली आहेत. वर्गातल्या तेल्याच्या मुलाला मी त्या लेखाची झेरॉक्स दिली. त्याने ती घरी नेली. पुढे काय केलं ते सांगितलं नाही.

लेण्यात नेण्याला विरोधही झाला. एक पालक शाळेत आले. वयाने माझ्यापेक्षा मोठे, मी त्यांना चाचा म्हणतो. म्हणाले, "सर, बुतांच्या जागी पोरांना कशाला नेता? जाहिलियतच्या गोष्टी शिकून काय मिळणार?" चाचांचा राग खोटा नव्हता. आजकाल आमच्या मुलाने इतिहासाबद्दल तोंड उघडलं, एक स्टेटस ठेवलं, तर काय होऊ शकतं हे सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना मूर्तीपेक्षा या गोष्टीची भीती जास्त होती, असं मला वाटतं. मी त्यांना विचारलं, चाचा, कुराणात रूमच्या नावाची सूरत आहे की नाही? ते म्हणाले, आहे, सूरह रूम. त्याच सूरतमध्ये जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचा शेवट काय झाला ते पाहा अशी ताकीद आहे. त्याच सूरतमध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नेताय तर पाणी सोबत ठेवा, पायऱ्या पुष्कळ आहेत."

आणि रूम हा शब्द मुलांना माझ्याआधीच येत होता हे मला त्या दिवशी लक्षात आलं. मौलाना रूमी, रूमी टोपी, हजरत सुहैब रूमी, लखनौचा रूमी दरवाजा, हकीमाकडची रूमी मस्तगी. कुराणातलं रूम म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचं पूर्वेकडचं रोमन राज्य, आणि रूमींना रूमी म्हणतात कारण बल्खकडचा हा माणूस आजच्या तुर्कस्तानात, कोन्याला राहिला, आणि त्या मुलखाला रूम म्हणत. पण मुलांच्या डोक्यात हे रूम आणि इतिहासाच्या पुस्तकातलं रोम दोन वेगळे देश होते. एक घरचं, एक परीक्षेचं. ते एकच आहे म्हटल्यावर काहींचे चेहरे असे झाले की चुलत भाऊ अचानक रस्त्यात भेटला.

आता मुद्द्याचं बोलतो. इतिहासाचे एक शिक्षक मला म्हणाले की मुलांना गोष्टी लिहायला लावून तुम्ही इतिहास बिघडवताय. आपल्याकडे आधीच कादंबरीतले प्रसंग लोक पुरावा म्हणून सांगतात. त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. महाराष्ट्रात कादंबरीकाराच्या मनातून आलेला संवाद चौकातल्या फलकावर लागतो, आणि तो खरा नाही म्हणणाऱ्याच्या अंगावर लोक धावून जातात. उर्दू वाचणाऱ्या घरांतही हिजाज़ी इतिहासकार समजले जातात. पण यावरचा इलाज मुलांनी गोष्ट न लिहिणं हा नाही. ज्याने एकदा स्वतः गोष्ट रचली, त्याला दुसऱ्याने कुठे रचली ते दिसायला लागतं. म्हणून मी एक नियम केला. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे 'पक्कं', उजवीकडे 'मनचं'. गोष्टीतलं काय कुठून माहीत आहे ते डावीकडे, काय आपण घातलं ते उजवीकडे. या पानाला मी गोष्टीएवढेच गुण ठेवले. हे पान मुलांना गोष्टीपेक्षा अवघड गेलं. एकजण तासभर बसून मग म्हणाला, "सर, माझं सगळंच मनचं आहे." म्हटलं, लिही तसं. पाचपैकी पाच दिले.

हा नियम आधी मीच मोडला होता, हेही सांगायला हवं. नाण्याच्या आत्मवृत्तासाठी मी जोगलटेंभीची गोष्ट सांगत होतो. सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळचं गाव. १९०६ मध्ये तिथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला. एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या राजाचा डोंगर. सांगता सांगता मी रंगलो आणि म्हणालो, युद्ध जिंकल्यावर सातकर्णीने ही नाणी दरबारात सगळ्यांसमोर ठोकली. एका मुलीने शांतपणे विचारलं, "सर, हे पक्कं की मनचं?" मी रंगेहाथ सापडलो.

त्या नाण्याबद्दल अजून एक सांगतो, हे पक्कं आहे. नहपानाच्या नाण्यावर तीन लिप्या आहेत. चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. ब्राह्मी डावीकडून उजवीकडे जाते, खरोष्ठी उजवीकडून डावीकडे, उर्दूसारखी. दोन्ही एकाच रुपयाएवढ्या गोलात. माझी मुलं सकाळच्या एका तासाला वही एका बाजूने उघडतात आणि पुढच्या तासाला दुसऱ्या बाजूने. त्यांना यात नवल वाटलं नाही. मलाच वाटलं.

आता पुन्हा सतरा नंबरच्या लेण्यातला प्रश्न. यवन मतलब अपन लोग ना? मी नाही म्हणालो, ते खरंच होतं. इंद्राग्निदत्त रोमनही नव्हता. तो उत्तरेकडच्या ग्रीकांपैकी होता. पण समुद्रावरून येणाऱ्या रोमन राज्यातल्या ग्रीकांनाही इथले लोक यवनच म्हणत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत. आणि याच नाशिकच्या डोंगरावर, तीन नंबरच्या लेण्यात, गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं कौतुक कोरवलं आहे, त्यात तो शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा आहे. म्हणजे एकाच डोंगरावर एक लेख यवनांना संपवल्याचं सांगतो आणि चार-पाचशे पावलांच्या आत दुसऱ्या लेण्यात एक यवन आईवडिलांच्या नावाने पाण्याची पोढी खोदतो. लेण्यांबद्दल लिहिणारे आजही पोढीच म्हणतात, शब्दही बदलला नाही. राणीचा लेख खोटा नाही. लढाया झाल्याच. पण शाळेत, भाषणात, कादंबरीत तीन नंबरचं लेणं येतं आणि सतरा नंबरचं येत नाही.

पुढच्या शतकांत इथे बाहेरून जो आला त्याच्यावर तोच जुना शब्द चिकटवला गेला, आणि होता होता तो आमच्यावर येऊन थांबला. त्या पोराला मी "तो आपण नाही" म्हणालो तेव्हा माझ्या आवाजात सुटल्याचा सूर होता. तो मला नंतर खटकला. समजा असता आपण, तर? लेणं खोदणाऱ्याच्या रांगेत उभं राहायला काय हरकत होती?

त्या मुलाची वही सगळ्यांत शेवटी आली. शुद्धलेखनाच्या चौदा चुका, अक्षर टेम्पोने उडवलेल्या धुळीसारखं. गोष्ट धम्मरक्षितची. बाप लेण्याच्या कामावर असतो, मुलगा खाली गोवर्धनच्या बाजारात जातो. तिथे एक बाई त्याला विचारते, "तू कुठला?" तो म्हणतो, "इथलाच." ती म्हणते, "ते नाही, खरा कुठला?" पोरगा वर डोंगराकडे हात करतो आणि म्हणतो, माझ्या अब्बाने तुमच्यासाठी पाणी काढलंय तिकडे.

'अब्बा'वर मी गोल केला नाही. शेवटच्या पानावर 'पक्कं'खाली त्याने लिहिलं होतं: बापाचं नाव, आजोबाचं नाव, मुलाचं नाव, गाव, पोढी. 'मनचं'खाली एकच ओळ होती: बाईने विचारलं ते. मग ती ओळ खोडली होती, आणि बाण काढून डावीकडे नेली होती.